लांडग्याचे डोळे आणि घरी धाडलेले पत्र

सरकारी नोकराच्या मागे दोन तऱ्हेचे कागद उरतात. काही कचेरीत राहतात : नेमणुकीचा हुकूम, बदल्यांचे आदेश, रजेचे अर्ज, वरिष्ठांचे शेरे आणि एखादे चौकशीचे प्रकरण. काही घरी, पत्र्याच्या ट्रंकेत राहतात : पत्रे, रोजनिशा, टिपणवह्या, मागच्या बाजूस तारीख लिहिलेली छायाचित्रे. पहिल्या कागदांवरून माणूस कोणत्या पदावर होता हे कळते, दुसऱ्यांवरून तो काय पाहत होता आणि कोणाची आठवण काढत होता हे कळते. कचेरीतले कागद मुदत संपली की नष्ट केले जातात, घरातले ओल लागून नाहीतर रद्दीच्या भावाने जातात. एकाच माणसाचे दोन्ही कागद टिकावेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचता यावेत, असा योग क्वचितच येतो.

आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) या अमेरिकन वनाधिकाऱ्याच्या बाबतीत तो आला आहे. त्यांची पत्रे, शिकारीच्या व शेतावरच्या रोजनिशा, खात्यातील टिपणे, व्याख्यानांच्या प्रती आणि छायाचित्रे विस्कॉन्सिन विद्यापीठाने जतन करून ठेवली आहेत. ज्या पुस्तकामुळे त्यांचे नाव जगभर झाले ते ‘ए सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. रेताड मुलखाचे पंचांग, असा त्या नावाचा अर्थ करता येईल. वनखात्यात उभे आयुष्य काढून ते शब्दांत उतरवणारा माणूस मराठी वाचकांना अपरिचित नाही. कै. मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदणं’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तेव्हा लिओपोल्ड यांच्याकडे आपण परके म्हणून पाहण्याचे कारण नाही.

आणखीही एक नाते आहे, ते खुद्द हिंदुस्थानच्या रानातून गेलेले. १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक म्हणून नेमले गेलेले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिच ब्रँडिस हे निवृत्तीनंतर युरोपात परतले, तेव्हा वनविद्या शिकू पाहणारे तरुण अमेरिकन त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी येत. त्यांपैकी गिफर्ड पिंचॉट हे पुढे अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख झाले आणि त्यांच्या कुटुंबाच्या देणगीतून १९०० साली येल येथील वनविद्यालय उभे राहिले. लिओपोल्ड याच विद्यालयातून १९०९ साली बाहेर पडले. जंगल ही मोजून, आखून, हिशेबाने वापरावयाची राष्ट्रीय संपत्ती होय, ही शिकवण घेऊन बावीस वर्षांचा हा तरुण त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ॲरिझोनातील अपाचे राष्ट्रीय वनात वनसाहाय्यक म्हणून रुजू झाला. त्या हिशेबात हरणे जमेच्या बाजूस होती. लांडगे, अस्वले आणि डोंगरी सिंह यांची नोंद खर्चाच्या बाजूस होत असे.

पुस्तकातील ज्या लेखाने सर्वांना वेड लावले, त्याचे शीर्षक ‘पर्वतासारखा विचार करताना’ असे आहे. त्यातील प्रसंग थोडक्यात असा. लेखक आणि त्यांचे सोबती एका उंच कड्यावर बसून दुपारची शिदोरी खात आहेत. खाली नदी खळाळते आहे. काठावर काहीतरी पोहत येताना दिसते. त्यांना आधी ती हरिणी वाटते. पाण्याबाहेर येऊन अंग झटकल्यावर कळते की ती लांडगीण आहे. तिची वाढलेली पिल्ले झुडपातून धावत येऊन तिच्याभोवती खेळू लागतात. वर बसलेल्या मंडळींच्या बंदुका तत्काळ धडाडतात. बंदुका रिकाम्या होतात तेव्हा लांडगीण पडलेली असते आणि एक पिल्लू पाय ओढीत कड्याच्या कपारीकडे जात असते. हे लोक खाली पोहोचतात आणि लांडगिणीच्या डोळ्यांतली हिरवी ज्योत विझताना लेखकाला दिसते. आपण तेव्हा तरुण होतो, बोट चापावर शिवशिवत होते, लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त असे आपले गणित होते, असे लेखक सांगतो. त्या डोळ्यांत मात्र आपल्याला ठाऊक नसलेले, केवळ तिला आणि त्या पर्वताला ठाऊक असलेले काही होते, असे त्याला जाणवते.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. हा प्रसंग आम्ही गेली पुष्कळ वर्षे प्रवचनांतून सांगत आलो आहो. उपवासकाळातील एका तरी रविवारी तो यायचाच. संत पौलाला दमास्कसच्या वाटेवर जसा एका क्षणी प्रकाश दिसला, तसाच या वनाधिकाऱ्याला मरणाऱ्या जनावराच्या डोळ्यांत दिसला, त्याने बंदूक खाली ठेवली आणि तो नवा माणूस झाला, असे आम्ही सांगत असू. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ते त्यांना भिडते आहे असेही वाटे. लिओपोल्ड यांचे चरित्र आणि त्यांच्या कागदपत्रांविषयी झालेले लेखन सवडीने वाचल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले की, ‘बंदूक खाली ठेवली’ हे वाक्य त्या लेखात कोठेही नाही. ते आमच्या पदरचे होते.

मग काय घडले होते? लेख लिहिल्याची तारीख १ एप्रिल १९४४ आहे. प्रसंग घडला तो १९०९ साली. म्हणजे मधली पस्तीस वर्षे लेखात जवळजवळ अदृश्य आहेत आणि त्यांचा हिशेब कागदपत्रांत आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये लिओपोल्ड यांनी मुक्कामावरून घरी धाडलेल्या एका पत्रात, आपण आणि आपल्या एका सोबत्याने दोन लांडगे मारले, असा उल्लेख आहे. हीच ती घटना असावी असे अभ्यासक मानतात. मुक्कामावरच्या इतर बातम्यांच्या ओघात ही बातमी येते आणि जाते. विझणाऱ्या ज्योतीचा तेथे मागमूस नाही. पश्चात्तापाचा एक शब्द नाही. एका तरुणाने घरच्यांना कळवावी तशी ती कळवलेली आहे.

त्याच मोसमातील खात्याचे कागद आणखी एक गोष्ट सांगतात. जंगलातील इमारती लाकडाची पाहणी करणाऱ्या पथकाचे नेतृत्व या नवख्या अधिकाऱ्याकडे सोपवले होते. मोजणीत चुका झाल्या, हाताखालच्या अनुभवी माणसांनी त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी केल्या आणि प्रकरण चौकशीपर्यंत गेले. त्यांची नोकरी टिकली. पण कड्यावर बसून बंदूक चालवणारा तो तरुण आतून किती गोंधळलेला आणि स्वतःला सिद्ध करण्यासाठी किती उतावळा असेल, याची कल्पना या कागदांवरून येते. लेखात तो केवळ ‘तरुण’ आहे. कागदांत तो चुकणारा, सांभाळून घेतला गेलेला तरुण आहे.

१९११ साली त्यांची बदली न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनात झाली आणि पुढच्याच वर्षी ते तेथील प्रमुख झाले. एप्रिल १९१३ मध्ये मेंढपाळांचे चराईचे तंटे मिटवण्यासाठी ते दूरच्या मुलखात गेले असता गारपीट-पावसात सापडले, ओल्या अंथरुणात झोपले आणि मूत्रपिंडाच्या आजाराने मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. सव्वा वर्षाहून अधिक काळ ते कामावर परतू शकले नाहीत. त्या सक्तीच्या विश्रांतीत, जुलै १९१३ मध्ये, त्यांनी आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना उद्देशून एक पत्र लिहिले. ते ‘कार्सन पाइन कोन’ या त्यांच्या वनविभागाच्या लहानशा पत्रिकेत छापले गेले. नियम, नमुने, अहवाल आणि कामाच्या पद्धती यांच्या पसाऱ्यात आपण खऱ्या मापाला विसरतो, असे त्यांचे म्हणणे. जंगलावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, हे ते माप. आम्हांला हे पत्र त्यांच्या पुढील सर्व लेखनाचे बीज वाटते. कोणत्याही कचेरीत, शाळेत अथवा धर्मग्रामात काम करणाऱ्याने ते वाचावे. नोंदवह्या नीट ठेवल्या म्हणजे माणसे नीट राहिली, असा समज करून घेण्याचा मोह आम्हांलाही होतो.

पण हेच उत्तम माप हाती असूनही लांडग्यांविषयीचे त्यांचे मत बदलले नाही. प्रकृती सुधारल्यावर ते अल्बुकर्क येथे परतले, शिकारी प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या रक्षणासाठी लोकांच्या संघटना उभ्या केल्या आणि हरणांच्या रक्षणासाठी हिंस्र श्वापदांचा नायनाट करण्याचा आग्रह धरला. १९२० सालच्या एका भाषणात, न्यू मेक्सिकोतील शेवटचा लांडगा आणि शेवटचा डोंगरी सिंह पकडण्यास चिकाटी आणि पैसा लागेल, असे त्यांनी सांगितले. लांडगिणीचे डोळे पाहून अकरा वर्षे झाल्यावरचे हे उद्गार आहेत.

त्याच १९२० साली त्यांनी वनविद्येच्या एका नियतकालिकात ‘संदेष्ट्यांची वनविद्या’ या विषयावर लेख लिहिला, ही गोष्ट वाचून तर आम्ही थबकलोच. जुन्या करारातील यशया, यहेज्केल, योएल या संदेष्ट्यांना झाडांची, वणव्यांची आणि लाकडाच्या उपयोगाची किती जाण होती, हे त्यांनी त्यात मोठ्या रसिकतेने दाखवले आहे. यशयाच्या ग्रंथात लांडगा कोकराजवळ राहील असे स्वप्न आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या ग्रंथातून वृक्षांची नावे वेचणारा वाचक त्याच वर्षी शेवटच्या लांडग्याचा हिशेब मांडत होता. त्यांना आम्ही हसत नाही. रोज तीच वचने वाचून आपल्याला हवे तेवढेच वेचण्याची कला आम्हांलाही अवगत आहे.

१९२४ साली गिला येथील साडेसात लाख एकरांहून अधिक रान रस्ते व वस्तीपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. त्याच वर्षी ते विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे गेले आणि १९२८ मध्ये वनखात्याची नोकरी सोडली. १९३३ साली ते तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. मत बदलले ते या उत्तरार्धात आणि तेही तुकड्यातुकड्याने. ॲरिझोनातील कैबाब पठारावर हिंस्र प्राणी मारून टाकल्यावर हरणांची संख्या बेसुमार वाढली आणि १९२० च्या दशकात ती उपासमारीने मेली, याची चर्चा साऱ्या खात्यात झाली होती. १९३५ मध्ये ते जर्मनीस गेले. तेथील एकसारखी लावलेली, झाडून-पुसून ठेवलेली, हिंस्र प्राण्यांवाचूनची जंगले त्यांना निष्प्राण वाटली. १९३६ व १९३७ मध्ये मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतातील गाव्हिलान नदीकाठी ते गेले. तेथे लांडगे होते, सिंह होते, हरणेही होती आणि डोंगरउतारावरची माती जागच्या जागी होती. पुढे विस्कॉन्सिनातच हरणांचे कळप जंगलाची नवी रोपे खुडून टाकू लागले आणि ती संख्या कमी करण्याची बाजू घेतल्यामुळे या प्राध्यापकाला लोकांचा रोष सोसावा लागला.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद. अल्बर्ट हॉखबाम हे त्यांचे विद्यार्थी, चित्रकार आणि पाणपक्ष्यांचे अभ्यासक. नियोजित पुस्तकासाठी चित्रे काढण्याचे त्यांच्याकडे ठरले होते. १९४३-४४ च्या पत्रव्यवहारात या शिष्याने गुरूला परखडपणे सुनावले. तुमच्या लेखांत निसर्ग नासणाऱ्या इतरांवर टीका आहे, पण तुम्ही स्वतः लांडगे संपवणाऱ्यांत होता हे कोठेच येत नाही. वाचकाला कळू द्या की तुम्हीही याच वाटेने चुकत आला आहात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लिओपोल्ड यांनी काही काळ टाळाटाळ केली. मग तो लेख लिहिला.

म्हणजे ज्या लेखाला आम्ही एका क्षणाच्या साक्षात्काराची कथा समजत होतो, तो पस्तीस वर्षांच्या संथ पालटाचा शेवट होता आणि एका धाकट्या मित्राने धरलेल्या आग्रहाचे फळ होता. पापनिवेदनाच्या पिंजऱ्यात बसणाऱ्याला ही गोष्ट अनोळखी वाटू नये. माणूस कृत्याच्या क्षणी क्वचितच रडतो. पुष्कळदा दुसरे कोणी विचारते, मग आठवते, मग शब्द सापडतात आणि मग त्या जुन्या क्षणाचे डोळे प्रथमच दिसतात.

यावर कोणी विचारील : मग लेख खोटा म्हणावयाचा काय? पत्रात नसलेली ज्योत लेखात कशी आली? आमचे मत असे की, लेख खोटा नाही, पण अपुरा आहे. घरी धाडलेल्या पत्रात माणूस आपल्याला जे दिसले ते सारे लिहीत नाही. घरच्यांना जे सांगण्यासारखे वाटते तेवढे लिहितो. बावीसाव्या वर्षी पाहिलेल्या दृश्याचा अर्थ सत्तावन्नाव्या वर्षी कळला, तर ते दृश्य नव्हतेच असे म्हणता येत नाही. आपण तेव्हा चापावर बोट शिवशिवणारे तरुण होतो, ही कबुली लेखकाने दिलेलीच आहे. पण त्यानंतरची अनेक वर्षे आपण हेच काम संघटनांतून आणि भाषणांतून जोमाने चालू ठेवले, ही अधिक कठीण कबुली त्याने दिलेली नाही. तारुण्याच्या माथी दोष मारणे सोपे असते. शहाण्या, प्रतिष्ठित, भाषणे देणाऱ्या मधल्या वयाचा दोष मान्य करणे जड जाते. या एका बाबतीत कागद लेखापेक्षा प्रामाणिक आहेत. आणि हे कागद त्यांनी स्वतःच सांभाळून ठेवले, फाडून टाकले नाहीत, याचे श्रेयही त्यांना दिले पाहिजे.

लेखनगुणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पुस्तकाचा पहिला भाग जानेवारी ते डिसेंबर अशा महिन्यांच्या क्रमाने जातो. १९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक नापीक, सोडून दिलेले शेत घेतले. तेथे उभे असे एक कोंबड्यांचे खुराडेच होते. ते साफ करून त्यांनी सुटीच्या दिवसांसाठी घर केले आणि पत्नी व पाच मुलांसह हजारो झाडे लावली. पहाटे साडेतीनच्या सुमारास कॉफीचे भांडे आणि वही घेऊन ते बाहेर बाकावर बसत आणि कोणता पक्षी कोणत्या वेळी गाऊ लागतो ते टिपत. ही टिपणे पुस्तकात गाळून, निवळून आली आहेत. वाक्ये आटोपशीर आहेत, विनोद मंद आहे आणि उपदेश जवळजवळ नाही. शेवटच्या भागातील ‘भूमिनीती’ हा प्रसिद्ध निबंध मात्र प्राध्यापकी वळणाचा आहे. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा मिळून एक समाज होतो, माणूस त्याचा मालक नसून सभासद आहे, हा त्याचा गाभा. विचार थोर आहे, पण आम्हांला त्या निबंधापेक्षा पहाटेची वही अधिक पटवून देते.

एका मुद्द्यावर आमचा मतभेद नोंदवणे कर्तव्य आहे. प्रस्तावनेत लिओपोल्ड म्हणतात की, भूमी ही आपल्या मालकीची वस्तू आहे हा समज अब्राहामापासून चालत आला आहे आणि त्यामुळे निसर्गरक्षणाचे काम पुढे सरकत नाही. भूमीने अब्राहामाच्या मुखी दूध आणि मध घालावा एवढाच तिचा उपयोग त्याला ठाऊक होता, असेही ते पुढे थट्टेने सुचवतात. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सत्ता चालवण्याच्या आज्ञेचा आधार घेऊन ख्रिस्ती माणसांनी पुष्कळ रान साफ केले आहे. पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले आहे ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच दोन शब्दांवर बोट ठेवले आणि पहिल्या आज्ञेचा जुलमी अर्थ चुकीचा ठरवला. राखणदार हा रानाचा धनी नसतो, त्याला रान कोणाला तरी परत करावयाचे असते. ‘भूमिनीती’मध्ये लिओपोल्ड स्वतःच यहेज्केल व यशया यांची आठवण काढतात आणि भूमीची नासाडी हा केवळ तोटा नसून ते दुष्कृत्य आहे असे त्यांनी फार पूर्वी म्हटले होते, हे मान्य करतात. तेव्हा दोष अब्राहामाचा किती आणि त्याचे नाव लावणाऱ्यांचा किती, याचा हिशेब त्यांनी अधिक काळजीने करावयास हवा होता.

शिवाय या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या घरातच होते. त्यांच्या पत्नी एस्तेला बर्गेरे या न्यू मेक्सिकोतील जुन्या स्पॅनिश घराण्यातील श्रद्धावान कॅथलिक. लिओपोल्ड स्वतः कॅथलिक नव्हते. ९ ऑक्टोबर १९१२ रोजी सांता फे येथे त्यांचा विवाह झाला, तो संत फ्रान्सिस महामंदिरात. गुब्बिओच्या लांडग्याला बंधू म्हणून हाक मारणाऱ्या संताची कथा आपण मुलांना सांगतो. त्या संताच्या नावाच्या मंदिरात उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाला तीन वर्षांपूर्वी मारलेले लांडगे आठवले असतील काय? कागद याविषयी मुके आहेत आणि आम्हीही त्यांच्या तोंडी शब्द घालणार नाही. एकदा पदरचे वाक्य घालून आम्ही फसलो आहो.

पुस्तक अनेक वर्षे प्रकाशकांच्या दारांतून परत येत होते. १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने ते स्वीकारल्याचे कळवले. पुढे एका आठवड्यात, २१ एप्रिल रोजी, शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचे निधन झाले. ते एकसष्ट वर्षांचे होते. उरलेले संपादन त्यांचा मुलगा लूना याने मित्रांच्या मदतीने केले.

त्यांच्या वह्यांचे काम मात्र संपले नाही. कोणते फूल कधी फुलले, कोणता पक्षी कधी आला, या नोंदी त्यांची मुलगी नीना हिने १९७६ पासून त्याच शेतावर पुन्हा सुरू केल्या. वडिलांच्या आणि मुलीच्या वह्या एकत्र ठेवून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधात ५५ ऋतुघटनांचा ६१ वर्षांच्या कालावधीतील आढावा घेण्यात आला आणि त्या सरासरीने दर वर्षी ०.१२ दिवस अलीकडे सरकत असल्याचे दाखवण्यात आले. पृथ्वी तापत असल्याचा हा एक साधा, घरगुती पुरावा. पहाटे वही लिहिणाऱ्याला आपण कोणत्या खटल्यात साक्ष देत आहोत याची कल्पना नव्हती. त्याने फक्त तारीख चुकवली नाही.

आणि मार्च १९९८ मध्ये, ज्या अपाचे वनात त्या लांडगिणीवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, तेथेच मेक्सिकन जातीचे अकरा लांडगे सरकारने आणून सोडले. एके काळी शेवटचा लांडगा मारण्यासाठी पैसा लागला. आता पहिला लांडगा परत आणण्यासाठी लागला. आजूबाजूच्या गुराख्यांचा विरोध होता आणि त्यांचेही नुकसान खरे आहे. परतफेड अशीच असते, ती कोणालाच स्वस्त पडत नाही.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी नोकरीतून निवृत्त झालेल्या वडिलांची किंवा आजोबांची ट्रंक असेल. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडावी, अशी आमची विनंती आहे. त्यात कदाचित तुमच्या आठवणीतल्या माणसापेक्षा वेगळा माणूस निघेल. अधिक चुकलेला, अधिक उशिरा शहाणा झालेला. त्याला घाबरून कागद जाळू नयेत.

येत्या उपवासकाळात आम्ही ती लांडगिणीची गोष्ट पुन्हा सांगणार आहोत. या खेपेस दमास्कसची वाट त्यात नसेल. कड्यावरची शिदोरी असेल, घरी धाडलेले ते निश्चिंत पत्र असेल, १९२० चे भाषण असेल आणि गुरूला खरे बोलण्यास सांगणारा शिष्य असेल. प्रवचन थोडे लांबेल. मंडळींनी सांभाळून घ्यावे.